मण्यार चावली तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं

आमच्याकडे साप चावला असं कुणी पटकन म्हणत नाही, ‘पान लागलं’ म्हणतात. रात्री तर त्याचं नावही घ्यायचं नाही, नुसतं ‘जनावर’ म्हणायचं. मला पान लागलं ते २ सप्टेंबर २०२५ च्या पहाटे, मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी. लागलं हे मला कळलं नाही आणि घरातल्या पंधरा माणसांपैकी कुणालाच कळलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय. अकरा दिवस सोलापूरच्या सिव्हिलमध्ये काढले, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. आता कामावर जाते, भाकरी थापते, बोलते. आवाज जरा जाडसर झालाय, तोही हळूहळू सुटतोय.

वेळा आणि तारखा नवऱ्याच्या वहीतून घेतल्या आहेत. सिव्हिलच्या कॉरिडॉरमध्ये बसून तो सगळं टिपून ठेवत होता.

आम्ही राहतो सोलापुरात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. महालक्ष्म्यांना मात्र गावी जायचंच. ३१ ऑगस्टला लक्ष्म्या बसल्या, १ सप्टेंबरला जेवल्या. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, आंबील. भांडी आवरून पाठ टेकायला साडेबारा झाले. घर जुनं, माळवदाचं. माजघरात लक्ष्म्यांपुढे आम्ही बायका ओळीनं जमिनीवर आडव्या झालो. खाली सतरंजी, वर चादर. कोपऱ्यात ज्वारीची पोती. पोती आली की उंदीर आले, आणि उंदरांमागे काय येतं ते आता मला पाठ झालंय.

सव्वादोनच्या सुमारास डाव्या दंडाला बारीक टोचलं. मुंगी चावते तेवढंच. खाजवलं, कूस बदलली आणि झोपले. मण्यारीचं चावणं असंच असतं. दात बारीक, दुखत नाही, सूज येत नाही, रक्त येत नाही. ती रात्री बाहेर पडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. माणूस कुशीवर वळला, तिच्यावर हातपाय पडला की चावते. पुष्कळांना तर जागसुद्धा येत नाही.

तीन वाजून गेल्यावर पोटात मुरडा येऊन उठले. कळ अशी की सरळ उभं राहवेना. दोनदा उलटी झाली. अक्का, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणाल्या, “दिवसभर उपाशी राहिलीस आणि रात्री पुरण खाल्लंस, पित्त झालंय.” मलाही तेच वाटलं. पावणेचारला एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. तेही म्हणाले, जड जेवण झालंय, पित्ताची गोळी द्या, सकाळी आणा. फोनवर त्यांना दिसणार तरी काय होतं? पण एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता, आणि त्यांनी नाही विचारला तर आम्ही आपणहून सांगायला हवं होतं: रात्री जमिनीवर झोपले होते. पावसाळ्यात, खेड्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक कळ आली, उलटी झाली, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा.

गोळी गिळायला गेले तर पाणी नाकातून परत आलं. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. पापण्या जड झाल्या. जागरणानं होतं म्हणून भिंतीला टेकून बसले आणि समोर बघितलं, तर लक्ष्म्यांचे चार मुखवटे. दोन समयांच्या चार ज्योती. डोळे चोळले, पुन्हा बघितलं, तरी चारच. मी अक्कांना म्हणाले, “चार दिसतायत.” माझंच बोलणं मला जड, बोबडं ऐकू आलं.

अक्का घाबरल्या आणि त्यांनी तीन घरं सोडून राहणाऱ्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, उठवून आणलं, तेही त्यांच्याकडे बीपीचं मशीन आहे म्हणून. आशाताईंनी मशीन काढलंच नाही. माझ्या तोंडावर बॅटरी धरली आणि म्हणाल्या, “मान न हलवता वर बघा.” पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. मग म्हणाल्या, “एक दम घ्या आणि त्या एकाच दमात आकडे म्हणा.” मी चौदापर्यंत गेले. धडधाकट बाई तीसच्या पुढे सहज जाते. त्यांनी हातपाय, मान, कानामागे, सगळीकडे बॅटरी फिरवली. दंडावर सुई टोचल्यासारखा एक ठिपका सापडला, तोही नीट न दिसणारा. “खूण सापडू नाहीतर न सापडू,” त्या म्हणाल्या, “पापण्या पडल्यात. ही मण्यार असणार. निघा.”

त्यानंतरची पाच मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. चुलत सासरे म्हणाले, आधी मारुतीच्या देवळात नेऊ, पान उतरवून घेऊ, मग दवाखाना. आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय आणि ते माझ्या काळजीपोटीच बोलत होते. पुष्कळ माणसं देवळातून बरी होऊन परतलेली त्यांनी बघितली आहेत, हेही खरं. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, म्हणून ती माणसं वाचली. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “देव गावातच हाय, कुठं जात न्हाई. गाडी काढा.”

आशाताईंनी हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या, कारण साप नक्की कोणता ते माहीत नव्हतं आणि नाग किंवा घोणस असेल तर हात सुजून बांगड्या रुततात. सणाचा हिरवा चुडा, आदल्याच दिवशी भरलेला. घर गप्प झालं. आत्यांनी स्वतः तेल आणलं आणि एकेक बांगडी उतरवली. डाव्या हाताला पुरणपोळीचं लाटणं आडवं लावून जुन्या धोतराच्या पट्टीनं सैल बांधलं, म्हणजे हात हलणार नाही. करकचून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, लिंबाचा पाला चावायला द्यायचा नाही, पाणी पाजायचं नाही. आणि मला डाव्या कुशीवर झोपवलं. लाळ गिळता येत नव्हती. उताणी झोपले असते तर तीच श्वासात गेली असती.

१०८ ला फोन लावला. गाडी यायला अर्धा तास लागेल म्हणाले. मग शेजाऱ्यांच्या जीपनं मोहोळपर्यंत जायचं आणि १०८ नं तिथे यायचं असं फोनवरच ठरलं. जीपमध्ये आशाताईंनी पुन्हा आकडे म्हणायला लावले. नऊ.

मोहोळच्या ग्रामीण रुग्णालयात पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्यूटीवर तरुण डॉक्टरबाई होत्या. साप आणला का, असं त्यांनी विचारलं नाही. (साप मारून आणायची काही गरज नसते. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात आणि औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांना एकच असतं.) त्यांनी माझं रक्त एका कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि न हलवता उभं ठेवलं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्त गोठलेलं होतं. घोणस किंवा फुरसं असतं तर बहुधा ते पातळच राहिलं असतं, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. पण त्या नळीसाठी त्या थांबल्या नाहीत, औषध त्याआधीच सुरू केलं होतं.

हे सापाच्या विषावरचं औषध, एएसव्ही. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून बनवतात. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिनचं नाव यासाठी जुनं आहे. त्या चौघांवर ते चालतं. मला दहा कुप्या सलाइनमधून तासाभरात दिल्या. लहान मूल असलं तरी डोस तेवढाच असतो, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. पंधरा मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या आणि थंडी भरून आली. डॉक्टरबाई बाटली थांबवून मांडीत एक इंजेक्शन देऊन पुन्हा बाटली सुरू करेपर्यंत खाटेजवळून हलल्या नाहीत. असं होऊ शकतं हे आधी माहीत असतं तर नवरा इतका घाबरला नसता, म्हणून लिहितेय.

पापण्या उघडतात का हे बघायला आणखी एक इंजेक्शन दिलं. नाग असेल तर त्यानं पुष्कळदा फरक पडतो. मला काही फरक पडला नाही. पुन्हा आकडे. सहा. मग चार.

तेवढ्यात सोलापुरातल्या एका नातेवाइकानं फोनवर एका खासगी रुग्णालयाकडे चौकशी केली होती. पंच्याहत्तर हजार अनामत आधी, पुढे रोजचे अठरा-वीस हजार. गाडीपाशी नवरा आणि भावजी यांच्यात बोलणं सुरू झालं, सिव्हिल की प्रायव्हेट. डॉक्टरबाईंनी तोपर्यंत सिव्हिलला फोन करून व्हेंटिलेटर रिकामा असल्याची खात्री केली होती. त्या म्हणाल्या, “मशीन कुठे मोकळं आहे ते मला माहीत आहे. तिथे जा.” रुग्ण पुढे पाठवत असतील तर तुम्हीही हा एक फोन करून घ्या आणि चिठ्ठीवर कुप्या किती दिल्या आणि किती वाजता दिल्या ते लिहून घ्या. आमच्या चिठ्ठीवर ते होतं, म्हणून सोलापुरात पुढच्या दहा कुप्या द्यायचा निर्णय लगेच झाला.

मोहोळ ते सोलापूर पस्तीसेक किलोमीटर. सावळेश्वरचा टोलनाका यायच्या आत माझा श्वास संपत आला. छाती उचलायची म्हटलं तर उचलेना. दुखत नव्हतं. नुसती ताकद नव्हती. १०८ मधल्या डॉक्टरांनी तोंडावर मास्क बसवला आणि रबरी पिशवी दाबायला लागले. दाबली की छाती भरायची, सोडली की रिकामी व्हायची. तिथून सिव्हिलच्या दारापर्यंत माझा प्रत्येक श्वास त्यांच्या मुठीतून आला. सातला पोचलो. सव्वासातला घशात नळी घातली.

इथून पुढे बाहेरून बघणाऱ्याला मी मेलेली दिसत होते. पापण्या उघडत नव्हत्या, बोट हलत नव्हतं, चिमटा काढला तरी चेहरा हलत नव्हता. डॉक्टर पापणी उचलून बॅटरी मारायचे तेव्हा बाहुल्या मोठ्याच राहायच्या, आकसायच्या नाहीत. मण्यारीच्या विषानं हे होतं. आणि मला सगळं ऐकू येत होतं. झोपेचं औषध असायचं ते तास सोडले तर सगळं. ट्रॉलीची कुरकुर, मशीनचा टुकटुक आवाज, पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांचं कण्हणं.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत माहेरचे एक नातेवाईक आले. माझ्या पायाशी उभे राहून ते कुणाला तरी हळूच म्हणाले, “मेंदू गेलाय. किती दिवस ठेवणार? घरी न्यायचं बघा.” मला ओरडायचं होतं. साधं बोटाचं टोकही मिळेना. डोळ्यातून पाणी आलं असेल, पण डोळ्यांवर मलम लावून पट्टी चिकटवलेली होती. पापण्या घट्ट मिटत नसल्या की बुबुळ कोरडं पडून जखम होते, म्हणून तसं करतात. त्या नातेवाइकांना मी पुढेही काही बोलले नाही. त्यांना ठाऊक नव्हतं.

४ तारखेच्या राउंडला मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन माझ्या खाटेशी थांबले. मण्यारीचं सांगता सांगता त्यांनी विचारलं, ऑक्टोपस चावून माणूस मरतो का? कुणीच बोललं नाही. मग त्यांनी सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर खडकातल्या डबक्यांत एक ऑक्टोपस असतो, जेमतेम वीतभर. डिवचलं की अंगावर निळी वलयं चमकतात. मुलं सुंदर दिसतो म्हणून हातात घेतात. चावलेलं कळतसुद्धा नाही. थोड्या वेळानं ओठ, जीभ बधिर होतात, डोळ्यांपुढे धूसर होतं, गिळता येत नाही, मग हातपाय आणि शेवटी श्वास. त्याचं विष टेट्रोडोटॉक्सिन, जपानमधल्या फुगू माशात असतं तेच. ते त्याच्या अंगातले जिवाणू बनवतात असं मानतात. त्यावर उतारा नाही. एएसव्हीसारखं काहीच नाही. “मग वाचवायचं कसं?” डॉक्टरांनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच दिलं: “श्वास देत राहायचं. तोंडानं द्या, पिशवीनं द्या, मशीननं द्या. तो माणूस आत जागा असतो. विष उतरेपर्यंत तुम्ही त्याची छाती चालवायची. पहिला दिवस पार पडला की तो बहुतेक उठून बसतो.”

मग त्यांनी फरक सांगितला. ऑक्टोपसचं विष नसांतून जाणारा संदेश अडवून धरतं आणि दिवसभरात शरीराबाहेर जातं. मण्यारीचं विष नसांची टोकंच निकामी करतं. विष एकदा टोकांत शिरलं की एएसव्ही ते परत काढू शकत नाही, रक्तात फिरणारं तेवढं पकडतं. टोकं पुन्हा फुटायला काही दिवस जातात. “पण फुटतात,” ते म्हणाले. “म्हणून या बाईंच्या बाहुल्या बघून कुणी आशा सोडायची नाही. आणि यांच्यासमोर बोलताना त्या ऐकतायत असं समजून बोला.”

पुढचे चार दिवस मी ‘पण फुटतात’ या दोन शब्दांवर काढले.

त्या आयसीयूत एक सिस्टर होत्या. त्यांचा चेहरा मला माहीत नव्हता, आवाज माहीत होता. नळीतला कफ ओढायच्या आधी त्या दर वेळी कानाशी येऊन सांगायच्या, “ताई, नळी साफ करते, ठसका लागेल हं. दहापर्यंत मोजा, संपेल.” बाकीचे न सांगता करायचे. त्यात वाईट हेतू नसतो, पण न सांगता घशात काही गेलं की बुडल्यासारखं होतं. मी दहापर्यंत मोजायचे आणि खरंच संपायचं. नवऱ्यालाही त्यांनीच सांगितलं, रडत उभे राहू नका, घरचं काहीतरी बोला. मग तो रोज येऊन घरातलं सांगायचा: गॅस संपला, पोरीनं गणिताची वही हरवली, पाणी पाच दिवसांआड येतंय. सोलापूरच्या पाण्याचं गाऱ्हाणं इतक्या जिवाचा कान करून मी कधी ऐकलं नव्हतं.

६ तारखेला अनंत चतुर्दशी. संध्याकाळी लांबून लेझीम ऐकू यायला लागलं. सोलापूरचं लेझीम ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, शेकडो लेझमा एका ठेक्यात पडतात. त्या ठेक्यावर मी उजव्या पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करत राहिले. रात्री कधीतरी तो हलला. सिस्टरांना दिसला. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली ती अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेली असेल.

७ ला मनगटं हलली, मान थोडी उचलता आली. त्या रात्री चंद्रग्रहण होतं आणि आत्या गावी रात्रभर बसून होत्या असं नंतर कळलं. ८ ला सकाळी नळी काढली. पहिला शब्द फुटला तो ‘पाणी’. दिलं नाही. गिळता येतंय हे तपासून संध्याकाळी चमच्यानं दिलं.

आता कागदपत्रांचं. सर्पदंश ही पोलीस केस म्हणून नोंदली जाते. त्याला एमएलसी म्हणतात. घाबरायचं काही नाही. रुग्णालयातल्या पोलिसांनी नवऱ्याचा जबाब घेतला: कुठे, किती वाजता, कुणावर संशय आहे का. पुढे गावच्या पोलीस ठाण्यातून फोन आला, तेव्हा तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं. एमएलसीचा नंबर वहीत लिहून ठेवा. बऱ्याच कागदांवर तो मागतात. केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलंय, त्यामुळे हे नुसतं कागद रंगवणं नाही. देशात वर्षाला साधारण ५८ हजार माणसं सापाच्या दंशानं जातात असा अंदाज आहे, आणि त्यातली बरीच दवाखान्याच्या वहीपर्यंत पोचतच नाहीत.

दुसरं, महात्मा फुले जनआरोग्य योजना. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पहिल्याच दिवशी तिथे जा. आमची अडचण अशी की रेशनकार्ड गावचं, एकत्र कुटुंबाचं, आणि त्यावर माझं नाव आधारपेक्षा वेगळं लिहिलेलं. आरोग्यमित्रानं तातडीची नोंद फोनवरून करून दिली आणि कागद मागाहून आणा म्हणाला. तरी नवऱ्याच्या दोन खेपा मोहोळला झाल्या, त्यातली एक वाया गेली, कारण त्या दिवशी साहेब मीटिंगला होते. रेशनकार्ड आणि आधार यांवरची नावं जुळतात का ते आज, घरी बसल्या बसल्या बघून ठेवा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

खर्च विचाराल तर: जीपचं डिझेल १ हजार, बाहेरून आणलेली औषधं आणि नळ्या ४ हजार ८६०, अकरा दिवस माणसांचं जेवणखाण आणि जाणंयेणं ५ हजार ६०० च्या आसपास. एएसव्हीला एक रुपया लागला नाही. त्या पंच्याहत्तर हजारांचा विचार करत गाडीपाशी आणखी अर्धा तास थांबलो असतो तर हा हिशेब मांडायला मी राहिले नसते.

काहींनी सांगितलं की शेतकरी अपघात योजनेतून पैसे मिळतात. गोपीनाथ मुंडे योजनेत सर्पदंश आहे, पण मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. बरं झालेल्या माणसाला नाही. आम्ही अर्ज केला नाही.

१३ सप्टेंबरला डिस्चार्ज मिळाला. कारखान्यात रजेसाठी डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि कामावर जाताना फिटनेस सर्टिफिकेट द्यावं लागलं. ते सर्टिफिकेट ओपीडीतच मिळतं, पण त्या दिवशी मूळ डिस्चार्ज कार्ड सोबत हवं, झेरॉक्स चालत नाही. ६ ऑक्टोबरला कामावर रुजू झाले. पहिले पंधरा दिवस आकड्यांच्या ओळी डोळ्यांपुढे हलायच्या. डाळिंबाचा दाणा गिळतानासुद्धा भीती वाटायची. झोपेची तर विचारूच नका. पलंगावर, मच्छरदाणीत, दिवा चालू ठेवून झोपायचे, तरी सव्वादोनला जाग यायचीच.

साप सापडला तो माझ्या डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. ज्वारीची पोती हलवताना भिंतीच्या कपारीत. भावजींनी काठी उचलली होती, पण आत्यांनी थांबवलं आणि सर्पमित्राला बोलावलं. दोन-अडीच फुटी, निळसर काळी, अंगावर बारीक पांढरे जोडपट्टे. त्यानं सगळ्यांना दाखवलं की मण्यारीच्या डोक्याजवळ पट्टे नसतात, ते थोडं मागून सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या सापही असाच दिसतो, पण त्याचे पट्टे मानेपासूनच असतात आणि तो बिनविषारी असतो. खरं तर अंधारात हा फरक ओळखत बसू नये. आता माजघरात पोती ठेवत नाहीत, कपारी सिमेंटनं बुजवल्यात आणि जमिनीवर झोपणाऱ्या प्रत्येकाची मच्छरदाणी आत्या स्वतः फिरून सतरंजीखाली खोचतात.

२२ सप्टेंबरला तपासणीसाठी सिव्हिलला गेले होते. काम झाल्यावर आयसीयूच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. आतून आवाज आला, “बाळा, नळी साफ करते, ठसका लागेल हं. दहापर्यंत मोज.” मी दारातूनच बघितलं. ठेंगणी, चष्मा लावलेली, माझ्याच वयाची बाई. त्यांनी मला ओळखलं नाही. माझे उघडे डोळे त्यांनी नीट कधी बघितलेच नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी हातमोजे काढून माझा हात धरला आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्या मुलाची आई बाहेर बाकावर बसली होती. अक्कलकोटकडची. पोरगं चौदा वर्षांचं, रात्री शेतातल्या वस्तीवर झोपलं होतं, पहाटे पोटात दुखायला लागलं. तीन दिवस झाले होते. ती म्हणाली, “आत जाते अन् नुसती बघून येते. काय बोलू? ऐकू तर येत न्हाई त्येला.” मी तिच्याशेजारी बसले आणि माझं सगळं सांगितलं. ती माझ्या पापण्यांकडे एकटक बघत होती.

भेटायची वेळ झाली. ती उठली, पदर खोचला, आत गेली. दार पुढे सरकत होतं तेवढ्यात मला दिसलं, ती वाकून पोराच्या कानाशी तोंड नेत होती. “तुझी शेळी व्याली बघ रात्री,” ती सांगत होती, “दोन पिल्लं झाली. एक समदं काळं, अन् एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय.”